टाचेतले चार थेंब : नवजात बाळाच्या तपासण्यांबद्दल आईवडिलांना केव्हा आणि काय सांगावे?

ओंजळ

माझी मुलगी आता तिसरीत आहे. ती नऊ दिवसांची असताना मला एक फोन आला आणि पलीकडून सांगण्यात आले, की बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा अहवाल शंकास्पद आहे, उद्या सकाळी बाळाला घेऊन या. टाचेतून रक्त कधी घेतले होते, हेच मला आठवत नव्हते. घरी परतण्याच्या गडबडीत ज्या सात-आठ कागदांवर मी सह्या केल्या, त्यांतल्या एकावर या तपासणीची संमती होती, हे मागाहून कळले.

ती रात्र आम्ही जागून काढली. सकाळी मात्र मन दुसरीकडे झुकू लागले, कारण बाळ उत्तम दिसत होते. ते रडत नव्हते, दूध प्यायले की चार-चार तास झोपत होते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ‘किती गुणाचे बाळ आहे’ असे म्हणत होता. इतक्या शांत बाळाला पुन्हा सुई कशाला टोचायची, असे सासूबाईंचे म्हणणे होते आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटत होते. तरीही गेलो, म्हणून कळले की ते न रडणे, ती लांबलचक झोप, दूध पिताना मध्येच दमून थांबणे हीच लक्षणे होती. मुलीला जन्मजात थायरॉइडची कमतरता होती.

गर्भात असताना बाळाला आईच्या थायरॉइडचे संप्रेरक काही प्रमाणात मिळत असते, त्यामुळे जन्मतः अशी बाळे बहुधा इतर बाळांसारखीच दिसतात. आईकडून आलेली ही शिदोरी लवकरच संपते, आणि बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसेल तर मेंदूची वाढ तिथून मागे पडू लागते. हे नुकसान पुढे कोणत्याही औषधाने पूर्णपणे भरून निघत नाही. चेहरा सुजल्यासारखा दिसणे, जीभ मोठी वाटणे, रडण्याचा आवाज घोगरा होणे अशा खुणा ठळक व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. साधारण २००० ते ४००० बाळांमागे एकाला हा आजार असतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर बहुतेक मुलांची बौद्धिक वाढ इतर मुलांसारखीच होते. आम्ही बाराव्या दिवशी पहिली मात्रा दिली. दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून तिची भुकटी करायची, काढलेल्या दुधाच्या चार थेंबांत कालवायची आणि गालाच्या आतल्या बाजूने हळूच सोडायची, हे पुढे रोजचेच झाले.

तपासणी झाली याबद्दल मी आयुष्यभर ऋणी राहीन. पण ती झाल्याचे मलाच माहीत नव्हते आणि त्या अज्ञानामुळे आम्ही जवळजवळ घरीच राहिलो होतो, ही गोष्ट मनातून जात नाही. बाळंतपणानंतर अंग ठणकत असते, झोप नसते, पहिल्या दुधाची काळजी असते. त्या अवस्थेत सांगितलेले कानावर पडते, पण मनात उतरत नाही. आठव्या महिन्यात कोणी दहा मिनिटे समोर बसवून हे समजावले असते, तर त्या सकाळी आम्ही उंबरठ्यात घुटमळलो नसतो. आपले अनुभव आणि माहिती येथे लिहावी, म्हणजे ज्यांच्या घरी बाळ यायचे आहे त्यांना ते वेळेवर वाचता येईल.

पहिलटकरीण

मी चौतीस आठवड्यांची गरोदर आहे. आजवर इतक्या वेळा तपासणीला जाऊन आले, माझे रक्त, माझा रक्तदाब, सोनोग्राफी हे सगळे झाले, पण जन्मानंतर बाळाची कोणती तपासणी होणार, हा विषय एकदाही निघाला नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. मी जिथे नाव नोंदवले आहे, तिथे सगळे सुरळीत असेल तर दुसऱ्याच दिवशी घरी सोडतात. अशा वेळी हे रक्त केव्हा घेतात? आणि मी नेमके काय विचारावे?

काचपट्टी

मी नवजात बालकांच्या नमुन्यांची तपासणी होते अशा प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करते. पहिलटकरीण यांचा प्रश्न अगदी कळीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नमुन्यासाठी योग्य काळ म्हणजे बाळ २४ तासांचे झाल्यानंतर, आणि शक्य असेल तर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान. हे बंधन उगाच घातलेले नाही. जन्मल्याबरोबर बाळाच्या शरीरात टीएसएच या, थायरॉइड ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाची मोठी उसळी येते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ती ओसरते. पहिल्याच दिवशी रक्त घेतले तर धडधाकट बाळाचाही आकडा वाढलेला दिसतो आणि आईवडिलांना विनाकारण धास्ती बसते. याउलट फेनिलकीटोन्यूरियासारख्या आजारात (यात दुधातल्या प्रथिनांतला एक घटक शरीराला वापरता येत नाही) जो घटक रक्तात साठत जातो, तो साठायला बाळाच्या पोटात काही काळ दूध जावे लागते. फार लवकर घेतलेल्या नमुन्यात तो पुरेसा वाढलेला नसतो आणि आजारी बाळ निरोगी ठरू शकते. म्हणजे घाईत एकाच थेंबातून दोन्ही बाजूंनी चूक होण्याचा संभव असतो. तुम्हाला २४ तासांच्या आत घरी सोडणार असतील, तर निघण्यापूर्वी एक नमुना घ्यावा आणि दुसऱ्यासाठी केव्हा यायचे, ती तारीख कागदावर लिहून घ्यावी. बाळाला रक्त चढवायची वेळ आली, तर नमुना त्याआधी घ्यायचा असतो, कारण नंतर काही तपासण्यांत दात्याच्या रक्ताचे उत्तर मिळते.

आता त्या कागदाविषयी. तो जाड, टिपकागदासारखा खास कागद असतो आणि त्यावर छापील वर्तुळे असतात. टाचेच्या मध्यभागी टोचायचे नसते, कडेच्या मांसल भागात टोचतात. आधी पाय कोमट करतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचा मोठा थेंब कागदाला अलगद टेकवतात, म्हणजे तो एकाच बाजूने शोषला जाऊन पाठीमागेही तेवढाच गोल उमटतो. एका वर्तुळावर थेंबावर थेंब चढवला, दोन्ही बाजूंनी रक्त लावले, ओला कागद पाकिटात घातला किंवा उन्हात वाळवला, तर नमुना वाया जातो. कागद आडवा ठेवून, सावलीत, किमान तीन-चार तास वाळू द्यावा लागतो. अपुऱ्या किंवा बिघडलेल्या नमुन्यासाठी पुन्हा बोलावले, तर त्याचा आजाराशी काहीही संबंध नसतो. मात्र ‘नमुनाच तर खराब होता’ असे म्हणून जे परत येत नाहीत, त्यांच्या बाळाची तपासणी झालेलीच नसते, हे कृपया लक्षात घ्यावे.

टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवले किंवा उराशी धरले, तर त्याला वेदना कमी जाणवतात. हे आईने हक्काने मागावे.

चिकित्सक

माझा विरोध नाही, पण काही शंका मनापासून विचारतो. आमच्या दोन्ही घराण्यांत असा आजार कोणालाही नाही. बाळ पूर्ण दिवसांचे होते, वजन चांगले होते, डॉक्टरांनी तपासून सर्व ठीक असल्याचे सांगितले होते. अशा बाळाला टोचून, हजारांत एखाद्याला होणाऱ्या आजारांची भीती घरात का आणावी? शिवाय माझ्या मित्राच्या बाळाला असेच परत बोलावले आणि शेवटी काहीच निघाले नाही. त्या आठ दिवसांत त्याच्या पत्नीची जी अवस्था झाली, ती मी जवळून पाहिली आहे.

बालवैद्य

चिकित्सक, तुमच्या शंका रास्त आहेत आणि बाह्यरुग्ण विभागात मी त्या वरचेवर ऐकतो.

घराण्यात आजार नसणे ही गोष्ट येथे फारसा दिलासा देत नाही. यांतले बरेच आजार असे आहेत, की आई आणि वडील दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि दोघेही पूर्ण निरोगी असतात. दोन्ही सदोष प्रती एकाच बाळाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. पिढ्यान्‌पिढ्या कोणालाही त्रास न होता असे जनुक कुटुंबात चालत आलेले असते. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. तिथे बहुतेक वेळा ग्रंथी तयारच झालेली नसते, अपुरी असते किंवा योग्य जागी नसते, आणि त्यात आनुवंशिकता सहसा सापडत नाही.

डॉक्टरांनी तपासून ठीक म्हटले होते, हेही खरेच असणार. मी स्वतः अशा बाळांना तपासून ठीक म्हटलेले आहे. पहिल्या दिवशी हाताला, डोळ्यांना आणि स्टेथोस्कोपला हे आजार सापडत नाहीत, म्हणून तर रक्त पाहावे लागते.

तुमच्या मित्राच्या पत्नीला जे भोगावे लागले, त्याला मात्र आम्ही डॉक्टर बऱ्याच अंशी जबाबदार आहोत. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे एक वाक्य आम्ही आधी सांगत नाही. चाळणीची जाळी मुद्दाम बारीक ठेवलेली असते, कारण एकही आजारी बाळ निसटून चालत नाही, आणि त्यामुळे काही निरोगी बाळेही तिच्यात अडकतात. परत बोलावलेल्या बाळांपैकी बहुतेकांना शेवटी आजार नसतो. अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडांवर असणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या) तपासणीत तर कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांचा आकडा आजार नसतानाही वाढलेला दिसतो. हे आधी ठाऊक असलेली आई परत बोलावल्यावर घाबरते, पण कोसळत नाही आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येते.

रक्ताखेरीज आणखी एका तपासणीविषयी येथे लिहायलाच हवे. बाळ २४ तासांचे झाल्यावर त्याच्या उजव्या हाताला आणि एका पायाला छोटा चिमटा किंवा पट्टी लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजतात. सुई नाही, रक्त नाही, काही मिनिटांचे काम असते. हृदयाच्या काही गंभीर जन्मजात दोषांमध्ये, गर्भात उपयोगी पडणारी एक रक्तवाहिनी उघडी असेपर्यंत बाळ गुलाबी दिसते. ती बंद होऊ लागली की ते झपाट्याने ढासळते, आणि नेमके तेव्हा ते घरी पोहोचलेले असू शकते. हात आणि पाय दोन्ही ठिकाणी ९५ टक्के किंवा अधिक प्रमाण असावे आणि दोन्हींतला फरक ३ टक्क्यांहून जास्त नसावा, असा सर्वसाधारण निकष आहे. ९० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर वाट पाहत नाहीत, लगेच पुढची तपासणी करतात.

डोळ्यांत प्रकाश टाकून बुबुळातली लाल चमक पाहणे आणि पाय वळवून खुब्याचे सांधे तपासणे, हेही घरी जाण्यापूर्वी होते. आईने घरी पाहायची गोष्ट म्हणजे शीचा रंग. ती पांढुरकी किंवा मातकट फिकी होत असेल आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता तपासावी लागते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचे होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त असते. तैवानमध्ये याचसाठी रंगांच्या छटा छापलेली पत्रिका प्रत्येक आईच्या हाती देतात. मला तो उपाय फार मोलाचा वाटतो, कारण त्यात तपासणारी व्यक्ती आईच असते.

समुद्रपक्षी

मी सहसा येथे फक्त वाचतो. आज लिहिणे भाग आहे.

आमचा मुलगा तेरा दिवसांचा असताना उलट्या करू लागला. दूध पचत नसेल असे आम्हाला वाटले. चौदाव्या दिवशी त्याचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी भरले, आणि पंधराव्या दिवशी पहाटे तो हाक मारली तरी डोळे उघडेना. अतिदक्षता विभागात कळले की रक्तातील सोडियम फार खाली गेले आहे आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आहे. आजार अधिवृक्क ग्रंथीचा होता, ज्यात शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही. मुलींमध्ये जननेंद्रियांच्या रचनेवरून तो जन्मतः लक्षात येऊ शकतो. मुलगे मात्र वरून अगदी व्यवस्थित दिसतात, त्यामुळे ते निसटतात.

आमच्या मुलाचे रक्त तिसऱ्या दिवशी घेतले गेले होते. जिथे प्रसूती झाली, तिथे नमुने रोज पाठवत नसत, पुरेसे जमले की एकत्र पाठवत. प्रयोगशाळेने तपासून लगेच कळवायचा प्रयत्नही केला होता, परंतु कागदावर लिहिलेल्या माझ्या फोन क्रमांकातला एक आकडा चुकला होता. ज्या आजाराचे नाव आम्हाला अतिदक्षता विभागाच्या दाराशी पहिल्यांदा ऐकायला मिळाले, ते नाव त्याआधी दोन दिवस एका अहवालावर छापलेले होते. ती प्रत आजही माझ्याकडे आहे आणि तिच्यावरची तारीख मी अनेकदा पाहिली आहे.

मुलगा वाचला. तो दिवसातून तीन वेळा औषध घेतो, ताप आला की मात्रा वाढवावी लागते आणि तातडीचे इंजेक्शन आमच्या पिशवीत कायम असते. तो शाळेत जातो, पळतो, भांडतो. पण प्रत्येक होऊ घातलेल्या बापाला मी हात जोडून सांगतो, की त्या कागदावरचा स्वतःचा क्रमांक आपल्या डोळ्यांनी वाचा, दुसरा एक क्रमांक द्या, नमुना कोणत्या दिवशी रवाना झाला ते विचारा आणि सात-आठ दिवसांत कोणी कळवले नाही तर स्वतः फोन करा. ‘काही असते तर कळवले असते’ या समजुतीवर आम्ही विसंबलो होतो.

काचपट्टी

समुद्रपक्षी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आमच्या टेबलावर ‘संपर्क होऊ शकला नाही’ असा शेरा असलेले अहवाल येतात, तेव्हा त्या कागदामागे एक बाळ असते, हे आम्हालाही रोज स्वतःला बजावावे लागते. अहवाल सर्वसाधारण असला तरी तो लेखी मागून घ्यावा. कोणकोणत्या आजारांसाठी तपासणी झाली, त्याची यादी त्यावर असते. ही यादी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे ‘सगळे तपासले’ असे कोणी सांगितले तरी ती वाचून पाहावी.

श्रवणवाट

ऐकू न येणाऱ्या लहान मुलांबरोबर मी काम करते, म्हणून कानांविषयी लिहिते. दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः ऐकण्याचा दोष असतो. तरीही माझ्याकडे येणाऱ्या आया सांगतात, की टाळी वाजवली की तो दचकायचा, दार आपटले की वळायचा, म्हणून आम्हाला शंकाच आली नाही. टाळीने हवा हलते, दाराने जमीन हादरते, आणि काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात पण बोलण्यातली अक्षरे येत नाहीत. दोन वर्षे अशी निघून जातात आणि भाषा शिकण्याचा सर्वांत सुपीक काळ हातचा जातो.

बाळ झोपलेले असताना कानात मऊ टोकाची नळी ठेवून ही तपासणी होते आणि बाळाला जागही येत नाही. महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, हे वेळापत्रक पाळले जावे. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात ओलावा किंवा जन्मतः असणारा पांढरा थर राहिला, तर पुन्हा बोलावतात. अशा फेरतपासणीला न आलेली मुले आम्हाला पुढे फार उशिरा भेटतात. जे बाळ पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात होते, त्याची मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या संवेदनेची वेगळी तपासणी करून घ्यावी, कारण कान ठीक आणि पुढचा मज्जातंतू सदोष असा प्रकार साध्या तपासणीत सुटतो.

ओंजळ

या निमित्ताने आठवले ते लिहिते. टाचेतला थेंब कागदावर वाळवून तपासण्याची पद्धत रुजवणारे रॉबर्ट गथ्री हे संशोधक स्वतः एका मतिमंद मुलाचे वडील होते, आणि त्यांच्या मेहुणीच्या मुलीला फेनिलकीटोन्यूरिया असल्याचे उशिरा कळले होते. त्या आजारात विशिष्ट आहाराने मेंदू वाचवता येतो, हे तेव्हा माहीत झालेले होते, पण बाळ वेळेवर ओळखायचे कसे हा प्रश्न होता. त्यांचा शोधनिबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. थायरॉइडची तपासणी त्याच वाळलेल्या थेंबावर होऊ लागली ती १९७० च्या दशकात, कॅनडातील क्वेबेक प्रांतात. माझ्या मुलीपर्यंत जी गोष्ट पोहोचली, तिची सुरुवात एका घरातल्या अशा उशिरापासून झाली होती, हे वाचल्यापासून मला ही तपासणी परकी वाटत नाही.

चिकित्सक यांच्या भीतीच्या मुद्द्याविषयी एवढेच म्हणते, की मला आलेल्या त्या फोनवर फक्त ‘शंकास्पद’ हा शब्द होता. ‘एक आकडा वाढलेला आहे, तो बहुतेक वेळा पुढच्या तपासणीत ठीक निघतो, ठीक नसला तर गोळी आहे, पण उद्याच या’ एवढे कोणी म्हटले असते, तर रात्र वेगळी गेली असती. फोन करणाऱ्यांनाही हे शिकवले पाहिजे.

चिकित्सक

ती प्रत आणि तिच्यावरची तारीख वाचल्यावर माझा प्रश्न मागे घेतो. आमच्या मुलाचा अहवाल आम्ही कधी मागितलाच नव्हता. आज फाइल काढून पाहिली, तिच्यात तो नाही. उद्या चौकशी करतो.

पहिलटकरीण

मुलगा झाला, दोघेही सुखरूप आहोत. तुम्हा सर्वांचे प्रतिसाद मी छापून पिशवीत ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी घरी सोडले, पण मी आधीच विचारून ठेवल्यामुळे तिसऱ्या दिवशी परत बोलावले आणि बाळ ५४ तासांचे असताना रक्त घेतले. टोचताना मी त्याला पाजत होते. तो एकदा कळवळला आणि पुन्हा पिऊ लागला. यजमानांनी कागदावरचे दोन्ही फोन क्रमांक मोठ्याने वाचून दाखवायला लावले, तेव्हा सिस्टरांनी दुसऱ्या क्रमांकातला एक आकडा दुरुस्त केला. आठव्या दिवशी कोणाचाही फोन आला नाही, म्हणून मी केला. एका वर्तुळात रक्त अपुरे होते, असे कळले आणि त्याच दुपारी जाऊन पुन्हा नमुना देऊन आलो. काचपट्टी यांनी सांगितले नसते, तर मी नक्की घाबरले असते.

काल तेराव्या दिवशी लेखी अहवाल हातात आला. थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी आणि यादीतले बाकीचे सर्व आकडे मर्यादेत आहेत. डाव्या कानाची तपासणी पहिल्या वेळी नीट झाली नव्हती, ती येत्या गुरुवारी पुन्हा आहे.